नेपल्सला फक्त समुद्र बघायला

तीर्थस्वरूप नुन्झियाताई,

धाकट्या आनिएल्लोचा वाकून नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असावी, आपल्या गुडघ्यांना आराम पडला असावा... (हे आपण-बिपण गाडीत बसून ट्युरिनपासून घोकत आलो, पण जिने माझा कान पिळून मला पाढे शिकवले, तिला अहो-जाहो करताना हात अडखळतो. तेव्हा आता तूच.) तर, तुझे गुडघे कसे आहेत? तो जिना अजून तितकाच उभा आहे का? माझं म्हणशील तर सगळं आलबेल. रेल्वेतून निवृत्त झालो. घरात बोलायला एक रेडिओ आहे, तोही हल्ली खरखरतो.

मी इथे आलोय तो निव्वळ प्रवासी म्हणून. समुद्र बघायचा, चार दिवस हवा खायची आणि परत. उगाच गैरसमज नको. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या रविवारच्या जेवणाबद्दल तर मी चकार शब्द काढणार नाही. मी एवढंच म्हणालो होतो की मांसाच्या रश्श्याचं, आपल्या रागूचं, पातेलं पहाटेपासून सहा-सहा तास रटरटत कशाला ठेवायचं, ट्युरिनला डब्यातल्या टोमॅटोचा अर्ध्या तासात होतो. त्यावर तू डाव खाली ठेवलास, मी टोपी घातली, आणि तेव्हापासून ना तुझं पत्र ना माझं. बहिणीच्या ताटावर बसून असं कोण बोलतं? गाढव बोलतं. (पण तो विषय काढायचा नाही असं ठरलंय.)

स्टेशनवर टॅक्सी केली आणि ड्रायव्हरशी ठसक्यात आपल्या बोलीत बोललो. तो पूर्ण मागे वळून (गाडी चालूच होती) म्हणाला, "वा साहेब! बाहेरच्या माणसाच्या मानाने झकास बोलता हो तुम्ही!" बंदरामागच्या गल्लीत जन्मलेला मी, आणि हे ऐकायची पाळी! आज रविवारी सकाळी समुद्र बघायला म्हणून निघालो तो चुकून तुझ्या रस्त्यावर आलो. (समुद्र दुसऱ्या बाजूला आहे, ठाऊक आहे मला.) मध्ये रस्ता होता. मी पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभा राहिलो आणि गाड्या थांबायची वाट बघू लागलो. हसू नकोस. तीस वर्षं ट्युरिनला गाड्या थांबतात, मग माणूस ओलांडतो. इथे माणूस पाऊल टाकतो, मग गाड्या थांबतात, हे पार विसरलो होतो. वीस मिनिटं उभा! एका स्कूटरवर आई, बाप, पोर आणि टरबूज असे चौघे गेले, त्यातल्या बापाने मला हात केला. शेवटी दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक ऐंशीची म्हातारी आली. पिशव्या एका हातात घेतल्या, माझं मनगट धरलं, "चल रे बाळा," म्हणाली आणि बसच्या पुढ्यात शिरली. मी डोळे मिटून घेतले.

पलीकडे गेल्यावर दम खायला म्हणून कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे, डॉन सासाकडे, टेकलो. मी खिशात हात घालायच्या आत त्याने कॉफी पुढे सरकवली. "पैसे नकोत. कुणीतरी हिचे पैसे आधीच भरून ठेवलेत." म्हणजे गोरगरिबांसाठी लोक ठेवतात ती! मी भडकलो. अरे, हा कोट बघ, म्हटलं, मी भिकारी दिसतो का? तो शांतपणे म्हणाला, "कोट राहू द्या. वरच्या डोन्ना नुन्झिया दर रविवारी एक ठेवून जातात. सांगून ठेवलंय, समोर पट्ट्यांवर गाड्या थांबायची वाट बघणारा एखादा येडा दिसला तर त्याला दे, तो माझा भाऊ. दुपारपर्यंत कुणी आलं नाही, तर चर्चच्या पायरीवरच्या तोमाझोला."

ताई, माझ्याच्याने ती कॉफी लवकर संपेना. नऊ वर्षं तोमाझो पितोय. आत्ताही तो दारातून माझ्याकडे रागाने बघत होता. त्याला एक पाजली, माझ्याकडून. तुझी फार आठवण येते गं.

तुझा,
आनिएल्लो

ता. क. समुद्राचं खोटं होतं.

ता. क. २. हे पत्र डॉन सासाच्या टेबलावर बसून लिहिलंय, तुझ्या बाल्कनीच्या बरोब्बर खाली. तीनदा जिना चढून बेलपर्यंत बोट नेलं आणि खाली आलो. सासा हाक मारेल तेव्हा भाजीची टोपली दोरीने खाली सोड, त्यात हे पत्र ठेवतो. माफ केलं असशील तर टोपलीतून दाराची किल्ली पाठव. नसेल केलं तर पत्र तेवढं परत पाठव, मी समजेन.

ता. क. ३. पत्र परत आलं. किल्ली नाही. मी टोपी घातलीसुद्धा होती, तेवढ्यात सासाने कागद उलटून दाखवला. पाठीमागे तुझं अक्षर : 'कांदे. टोमॅटो, डब्यातले नकोत. मकरोनी, दोघांपुरती. आजचा रागू पहाटेपासून चुलीवर चढलाय, उद्यासाठी दुसरा लावायचाय.' ताई, हेच पत्र पुन्हा वर पाठवतोय. सगळं आणतो, पण भाजीवाला रस्त्याच्या पलीकडे आहे. जरा खाली येतेस का, हात धरायला?