विल्फच्या इंजिनाची हुबेहूब प्रत

३ मार्च, सोमवार
आजपासून आळस बंद. मॉडेल रेल्वे क्लबातल्या म्हाताऱ्या विल्फ ऑरमरॉडनी त्यांच्या मॉडेल इंजिनाची बॉडी अखेर माझ्या हवाली केली. आमच्या खाणीच्या रेल्वे लाइनवरच्या या इंजिनाचं मॉडेल कुठलीच कंपनी बनवत नाही. विल्फनी दोन हिवाळे घालवून प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून घरी केलंय. मी रबराचा साचा करणार, त्यात घट्ट होणारं रेझिन ओतणार आणि शनिवारी चर्चच्या हॉलमधल्या प्रदर्शनात अर्धा डझन जुळी इंजिनं उभी करणार. क्लबाचा पुढचा अध्यक्ष कोण, हे मग वेगळं सांगायला नको. विल्फ म्हणाले, जपून रे पोरा, नजर गेली माझी, आता दुसरं व्हायचं नाही. मी म्हटलं, निर्धास्त राहा.

४ मार्च, मंगळवार
साचा दोन भागांत ओततात. पहिला झकास. रबर बायकोच्या, ग्लेनिसच्या, वजनकाट्यावर मोजलं. आज उपासांआधीचा पॅनकेकचा मंगळवार, तिला काटा पिठासाठी हवा होता. पिठात हे निळं काय, म्हणाली. मी म्हटलं, विज्ञान. माझ्या वाटचे पॅनकेक शेजारच्या कुत्र्याने खाल्ले. बायकोला छंद नसला की असं होतं.

५ मार्च, बुधवार
लेंटचे उपासाचे दिवस सुरू. लोक चॉकलेट सोडतात, मी घाई सोडली.
दुपारी दुसरा भाग ओतला. आधी पहिल्या भागावर व्हॅसलीन चोपडा, असं रबरासोबतच्या पत्रकात आहे. ते नवशिक्यांसाठी. हे रबर कशालाच चिकटत नाही, हे मला कालच कळलं.

६ मार्च, गुरुवार
रबर रबराला चिकटतं. फक्त रबरालाच. विटेएवढा निळा ठोकळा झालाय, आत विल्फचं इंजिन. साबण छान झालाय, ग्लेनिस म्हणाली.
नंतर: पावाच्या सुरीने ठोकळा कापला. सुरी केबिनमधून आरपार गेली. धुरांडं वेगळं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. साचा मात्र आतून अप्रतिम उतरलाय.

७ मार्च, शुक्रवार
पहिलं रेझिन मी चहा घेईपर्यंत कपातच थिजलं, चमच्यासकट. दुसऱ्या बॉडीवर बुडबुड्यांमुळे देवीचे व्रण. तिसरी निर्दोष! काळा रंग दिला आणि लख्ख कल्पना सुचली: हीच विल्फना मूळ म्हणून परत द्यायची. ही फसवणूक नव्हे, नुसतं सांगायचं नाही. ग्लेनिस म्हणाली, खरं सांगून टाक, भला माणूस आहे. मी म्हटलं, म्हणूनच नको.

८ मार्च, शनिवार
प्रदर्शन. विल्फनी बॉडी तळहातावर तोलली, नाकाशी नेली. दिवसभर रुळावर पळवली. त्यांना कळलंच नाही, मी जिंकलो. आता मोकळेपणी झोपेन.

९ मार्च, रविवार
विल्फचा फोन. म्हणाले, पोरा, तुझी प्रत माझ्यापेक्षा सफाईदार निघाली, तुझ्याकडून एवढी अपेक्षा नव्हती. क्लबात सगळ्यांना सांगितलंय. ग्लेनिसने चहाला बोलावलंय, तर येतोच दुपारी. माझं मूळचं तेवढं काढून ठेव.
घरात डिंक नाही.