जोनची माणसं

नॉर्थ ऑल्डन, मॅसॅच्युसेट्स
२२ एप्रिल १९५७

चि. विन्स्लो यास लव्हिनियाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ऑगस्टच्या कुलमेळाव्यात आपल्या मूळपुरुषाचा, कॅप्टन ओबेडाया स्प्राऊलचा, ग्रॅनाइटचा स्तंभ उभारायचा आणि त्यावर ‘ओबेडाया व त्याची पत्नी मेहिटेबल, यांच्यापासून आपण सर्व’ असं कोरायचं, हे वाचलं. कोरणाऱ्याला थांबव.

यंदा जमीन गोठून अशी फुगली की माझ्या शेतातल्या दफनभूमीतले जुने दगड वीतभर वर आले. दर मे महिन्यात आपण ते घासतो, पण गवताखाली काय आहे हे पाहायला कधी कुणी वाकलं नाही. मेहिटेबलच्या दगडाच्या तळच्या दोन ओळी आता वाचता येतात. ती एकोणिसाव्या वर्षी गेली आणि तिचं एकुलतं मूल तिच्याच कुशीत निजलं आहे.

मग आपण कुणाचे? कॅप्टनने नंतर लग्न केलं ते घरातल्या मोलकरणीशी, जोनशी. जहाजाच्या भाड्यापोटी सात वर्षं राबायला बांधून आणलेली पोर. तिसरी बायको त्याला नव्हती. जोनला मूलबाळ नव्हतं, म्हाताऱ्याला पेज करून घालायला केली होती, असं तुझे आजोबा सांगत. मग कॅप्टनची पाच मुलं, ज्यांच्यापासून आपण सगळे, ती काय सफरचंदाच्या झाडाला लागली? भिंतीजवळचा बिननावाचा धोंडा तिचा, हे मात्र सगळ्यांना ठाऊक. त्यावरच आपण दर मेळाव्याला बीन्सचं मडकं ठेवतो!

तुझ्या ॲबीला गोड पापा. वाङ्‌निश्चय झाला म्हणून अभ्यास सोडू नकोस, म्हणावं.

लोभ असेल तर तो काम करून दाखव.

तुझी आत्या


बॉस्टन
९ मे १९५७

ती. आत्यास विन्स्लोचे सा. न. वि. वि.

तुम्ही या वयात गुडघ्यांवर बसून दगड वाचता, हे ऐकून हिने कपाळाला हात लावला. हेन्रीकाका म्हणतात, लव्हिनिया शाळेतून निवृत्त झाली तरी मेलेल्यांच्याही वह्या तपासते.

थट्टा पुरे. मेहिटेबलचे वडील गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात होते. त्या नात्यावरच ॲबीला जुन्या घराण्यांच्या स्त्रीमंडळात घेणार आहेत आणि तिच्या होणाऱ्या सासूबाई त्या मंडळाच्या अध्यक्ष आहेत. मोलकरणीची नात म्हटल्यावर त्या लग्नालाही उभ्या राहायच्या नाहीत. पोरीचं जमलेलं मोडायचं का? तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईला आता काय फरक पडतो? दगडाच्या बुडाशी दोन घमेली माती ओता आणि विसरा. स्तंभ कोरून तयार आहे.

तुमचा लोभ आहे तसाच राहावा, राग तेवढा कमी व्हावा.

आपला
विन्स्लो


नॉर्थ ऑल्डन
१४ मे १९५७

चि. विन्स्लो यास आशीर्वाद.

माती ओतणार नाही. दफनभूमी माझ्या शेतात आहे आणि फाटकाची किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात. तुझा स्तंभ आत येणार नाही. मेळाव्यात सर्वांत वडील माणसाने पूर्वजांची नावं पुकारायची, हा आपला रिवाज आहे. यंदा वडील मी आहे.

तीनशे वर्षांत काय फरक पडला विचारतोस? आपण तिच्या डोक्यावर जेवलो.

ॲबीला मी सगळं कळवलं आहे. लग्न तिचं आहे. काय ते तिने ठरवावं.

लोभ आहे, पण माघार नाही.

आत्या


नॉर्थ ऑल्डन
१९ ऑगस्ट १९५७

चि. विन्स्लो यास अनेक आशीर्वाद.

ऐन मेळाव्याला तुझा गुडघा धरला. मुलीला आणि तिच्या सासरच्यांना पाठवलंस, तेवढं बरं केलंस.

जेवणं चालू असतानाच मी नावं पुकारली. तुला ठाऊकच आहे, ज्याचे वंशज असतील त्यांनी उभं राहायचं. मेहिटेबल म्हटल्याबरोबर सवयीने सगळे उठले. खाली बसा म्हटलं. बिचारीचं एकुलतं मूल तिच्यापाशी आहे, तिला तुमची गरज नाही. आणि काय सापडलं ते सांगितलं. मग जोनचं नाव घेतलं.

कुणी हललं नाही. हेन्री मक्याच्या कणसात तोंड घालून बसला. ॲबीच्या सासूबाईंनी मोठ्याने विचारलं, ही जोन कोण बाई? त्यांनी चहाची कपबशी त्याच धोंड्यावर ठेवली होती.

ॲबी उठली. अगदी शांतपणे म्हणाली की ही माझी आजी, तिच्यावरून तेवढी कपबशी उचला.

उचलली त्यांनी! चेहरा पाहण्यासारखा होता. तिचा नवरामुलगाही उठला. मी दटावलं की तू आमच्या कुळातला नाहीस, बस. तो म्हणाला, होणार आहे ना, आणि उभाच राहिला. मग मुलं उठली, त्यांच्या आया उठल्या, शेवटी कणीस हातात धरून हेन्री.

स्त्रीमंडळाचं आता काय होतं ते होवो. मंगळवारी कोरणारा येतोय. धोंडा आहे तिथेच राहील, फक्त त्यावर नाव येईल. बीन्सच्या मडक्यासाठी मी टेबल करायला सांगितलं आहे.

गुडघा बरा झाला की ये. फाटक उघडं ठेवीन. तुझ्यासाठी नाव पुन्हा एकदा पुकारीन. उभं राहता येतं का, बघू.

तुझी आत्या,
जोनची नात,
लव्हिनिया