पाचवी तार

३ सप्टेंबर १९४४, मिरज
पुन्हा थंडी वाजून ताप. एक दिवस सोडून येतो, जावयासारखा मान घेऊन. डॉ.नी हिवताप सांगितला. क्विनाइनचं मिक्श्चर, बाटलीला खुणांची कागदी पट्टी. कडू जहर.
सांगलीच्या बुवांचा तंबोरा २० ला द्यायचाय. सगळं झालं, तारांखालची घोडी घासून जवारी खुलवायची तेवढी राहिली.

५ सप्टें.
ताप नाही. पण औषध सुरू झाल्यापासून कानात सूं सूं. चार तारांच्या तंबोऱ्यात मला पाचवी ऐकू येते! कानस उचलली, खाली ठेवली. जरा जास्त घासलं की घोडी वाया, आणि किती घासायचं ते कानच सांगतो.
ही म्हणाली, "आवं, कान गेलं तर तंबोरा काय डोळ्यांनी लावणार?"
आबांचं पालुपद, "आमी जन्मात डाक्टरचं औषिद घेतलं न्हाई." एका कानानं ठार बहिरे आहेत, पण वडिलांना हे सांगणार कोण!

६ सप्टें.
डॉ.ना विचारायचा धीर होईना. शिकलेला माणूस, रागावला तर? आजपासून डोस पपईच्या बुंध्याशी. पट्टीवरच्या खुणा बरोबर उतरतायत.

९ सप्टें.
कान मोकळे. पपई खुशाल. मला मात्र हुडहुडी. दोन गोधड्या, वर ही दाबून बसली, तरी दात वाजतायत.

१० सप्टें.
गेलो, खरं सांगितलं. डॉ. आधी हसले, मग खुर्ची जवळ ओढली.
"कान क्विनाइननंच वाजतात. औषध थांबलं की बहुतेक जातं. मी हे आधी सांगायला हवं होतं. आणि तुम्ही झाडाला पाजण्याआधी मला."
"बहुतेक म्हणजे?"
"बहुतेक म्हणजे बहुतेक. छातीठोक सांगणारा डॉक्टर भेटला तर मलाही त्याचा पत्ता द्या."
हा माणूस आवडला. डोस कमी केला. रोज सकाळी कानांची खबर द्यायची.

१६ सप्टें.
ताप नाही. सूं सूं आहे, बारीक. डॉ. विचारतात, "आज तारा चार की पाच?" म्हटलं, "साडेचार."

१९ सप्टें.
बुवा उद्या दहाला येणार. बाटलीत तीन खुणा बाकी. ही म्हणते, "आजच्या दिस नगा घिऊ." मोह झाला. पपईकडे बघितलंसुद्धा. मग डोळे मिटून डोस घेतला.
दुपारी आबांना बसवलं. हा धंदा मला त्यांनीच शिकवला. नाद हाडातून कळावा म्हणून त्यांनी हनुवटी भोपळ्याला टेकवली. मी तार छेडायची, थोडं घासायचं, पुन्हा छेडायची. किती वेळ गेला कोण जाणे.
"खुलली रं! हात काड आता."
काढला. डॉ.चं ऐकलं तसं आबांचंही ऐकलं. मला मात्र अजून साडेचारच ऐकू येतात. ती अर्धी माझ्या कानातली की घोडीतली, ते उद्या बुवा गायला बसले की कळेल. तंबोऱ्यावर खोळ घातली, दोनदा काढून पुन्हा छेडला.