दारफाळणीच्या दिवशी वाईचा फोन

आप्पा, परवा तुमच्या नातीचा इस्राएलहून फोन आला होता. तिला नातू झालाय. आठव्या दिवशी सुंता झाली, आता पुढच्या आठवड्यात आभाराचा मलिदा करणार आहेत. मला म्हणाली, "मामा, त्या दिवशी माझ्या जन्माची गोष्ट वाचायची आहे. आजोबा सांगायचे ना, एलियाहू हानाबी, ते आपले संदेष्टे, म्हाताऱ्याच्या रूपात आले आणि मला उचलून घेतलं, तशीच लिहून दे. तुझं मराठी गोड आहे." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी तुमची खोटी गोष्ट चांगल्या अक्षरात उतरवून द्यायचं काम अजून माझ्याकडेच. तीन दिवस कागद घेऊन बसतोय. तिच्याऐवजी तुम्हालाच लिहायला लागलो, कारण तुमच्याशी माझं भांडण व्हायचं राहून गेलंय.

तुमच्या वर्गात बसलेली पोरं, आता सगळी म्हातारी, मला राजवाड्यावर भेटतात आणि तुमच्या कवितेच्या तासाची आठवण काढतात. काढू देत. मीही त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर होतो. तुम्ही पुस्तक मिटून, खिडकीकडे तोंड करून कविता म्हणायचात. शेवटची ओळ संपली की फळ्यावर काही न लिहिता नुसते उभे राहायचात, आणि बाहेरच्या रस्त्यावरून चाललेली बैलगाडीसुद्धा मला त्या कवितेतली वाटायची. मी जन्मभर मराठी शिकवलं ते त्या आवाजाच्या नादाने. आणि त्याच आवाजात तुम्ही घरी समुद्र दुभंगवायचात. वल्हांडणाच्या रात्री आई बिनखमिराच्या भाकरी वाढायची आणि तुम्ही आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगत गुलामांना मिसरातून बाहेर काढायचात, पाण्याच्या भिंती दोन्ही बाजूंना उभ्या करायचात. मला आणि ताईला वाटायचं, आपल्याला कुणी बुडू देणार नाही. लहान पोरांना इतकी खात्री देऊ नये, आप्पा. मास्तराने तर मुळीच देऊ नये.

साताऱ्यात इस्राएलांचं, म्हणजे ज्यूंचं, आपलं एकच घर. शेजारचे सुभेदार, फौजेतून पेन्शनवर आलेले, दर वर्षी तुम्हाला विचारायचे, "ख्रिस्ताव न्हाई, मुसलमान न्हाई, मग मास्तर, तुमी हाय तरी कोण?" तुम्ही म्हणायचात, "आम्ही त्या दोघांच्या आधीचे." त्यावर ते मिशीत हसायचे. "म्हंजी लय सीनियर. सलाम ठोकायचा व्हय?" दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी ते कट्ट्यावर येऊन बसायचे, कारण दुसऱ्या दिवशी आपण दारं लावून घेणार, पांढरे कपडे घालून चांदण्या दिसेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही आणि परक्याशी बोलणार नाही, हे त्यांना पाठ होतं. "उद्या तुमी कोंडून घेणार. मग मी भांडायचं कुनाशी? माझ्या म्हशीशी?" असं म्हणून तुम्हाला हसवून जायचे. सगळ्या वर्षाचं पाप त्या एका दिवसात फिटतं, त्या दिवशी वर आभाळात प्रत्येकाचं नाव लिहिलं जातं, जगणाऱ्यांत किंवा मरणाऱ्यांत, हे तुम्ही मला सांगितलं होतं. सुभेदारांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी मी सतरा वर्षांचा होतो. एरवी आपण सणाला पुण्याच्या देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, जायचो. त्या वर्षी गेलो नाही, ते ताईसाठी. ती वाईला, जावई तिथल्या मामलेदार कचेरीत. तिचे दिवस भरले होते आणि आई तिच्याजवळ होती. "काही लागलं तर साताऱ्याहून तासाभरात पोचू," हे तुमचेच शब्द. म्हणजे तिच्या हाकेसाठी आपण घरी थांबलो, आणि मग दारं लावून घेतली.

दुपारी दोनचा सुमार असेल. तुम्ही योनाचं पुस्तक उघडलंय. आधी इब्री वाचता, मग माझ्यासाठी मराठीत सांगता. देवापासून पळालेला योना जहाजातून फेकला जातो, मासा त्याला गिळतो, आणि माशाच्या पोटातून, शेवाळ डोक्याला गुंडाळलेलं असताना, तो हाक मारतो. इथे सुभेदारांनी दार वाजवलं.

"आवं मास्तर. दुकानात फोन आलाय, वाईचा."

तुम्ही डोळे मिटले आणि हाताने मला बसायची खूण केलीत. बोट पानावरच होतं. थोड्या वेळाने पुन्हा, "मास्तर, घाईचं हाय. कडी तेवढी काढा. आत येत न्हाई मी." तुम्ही आवाज चढवलात. तिसऱ्यांदा ते खिडकीशी आले, काचेतून त्यांची टोपी दिसत होती. "मी निघालो वाईला चारच्या येष्टीनं. तुमी तुमचं उरकून या." माशाच्या पोटातल्या माणसाची हाक आभाळात पोचली म्हणून तुमचे डोळे भरून आले होते, आणि दारातला माणूस तुम्हाला ऐकू येत नव्हता. मी असं लिहायला नको, पण कुणीतरी तुम्हाला हे एकदा म्हणायला हवं होतं.

तीन चांदण्या मोजून आपण निघालो. वाईच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सुभेदार बाकावर बसले होते, दंडाला कापूस लावून. त्यांचं रक्त तपासलं होतं, जुळलं नव्हतं. आई उठून आली आणि तुम्हाला एवढंच म्हणाली, "मी तीनदा फोन लावला." ताईला रक्त हवं होतं, आईचं आणि जावयाचं जुळलं नव्हतं, घरच्या दोघांना ताबडतोब पाठवा म्हणून निरोप होता. ती सहा वाजता गेली. पोर जगली होती, फडक्यात गुंडाळून सुभेदारांच्या मांडीवर दिली होती, कारण जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता. आणि तुम्ही नर्ससमोर पांढऱ्या सदऱ्याची बाही वर केलीत. ती तुमच्या दंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "आता कशाला, गुरुजी?"

सुभेदारांना मी नंतर विचारलं होतं, तुम्ही रक्ताचं ओरडून का सांगितलं नाहीत. ते म्हणाले, "देवाला बसलेल्या मानसाला तसलं भाईरनं कसं वरडायचं रं? मला वाटलं, वाई म्हटल्यावर उघडतील."

एवढ्यावर तुम्ही थांबला असतात तर मी गप्प राहिलो असतो. पण चाळिसाव्या दिवसानंतर तुम्ही मलिदा केलात. पोहे भिजवले, ओलं खोबरं किसलं, साखर, वेलची, वर पाच फळं, आणि पोर वाचली म्हणून एलियाहू हानाबीचं गाणं म्हटलंत. पहिलं ताट सुभेदारांना दिलंत. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "गोड झालंय, मास्तर." तिथून तुमची गोष्ट सुरू झाली. व्हरांड्यातला म्हातारा तुम्ही संदेष्टा करून टाकलात. पोर बोलायला लागल्यावर तिलाच सांगितलीत, बारा वर्षांची होऊन बापाबरोबर इस्राएलला जाईपर्यंत दर वर्षी सांगितलीत. फोनचा त्यात उल्लेख नसायचा. तिने विचारलं तर, त्या काळी निरोप उशिरा पोचायचे, असं तुम्ही म्हणायचात आणि मी मान हलवायचो. सुभेदार ऐकत बसायचे. त्यांनी एकदाही तुमची गोष्ट दुरुस्त केली नाही. तुमच्या देवळात मी त्यांच्याइतका धार्मिक माणूस पाहिला नाही.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी पुण्यात आपल्यातल्याच एका म्हाताऱ्याशी सहज बोलत होतो. त्याला माझं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, जीव वाचवायचा असेल तर दारफाळणीचा दिवससुद्धा मोडायचा, नव्हे, मोडलाच पाहिजे, असं आपलं शास्त्र आहे. मी त्याला दोनदा विचारलं. म्हणजे देवाने दार उघडं ठेवलं होतं, आप्पा. ते तुम्ही लावलंत. कोकणातून तुमच्या आजोबांनी आणलेल्या चार चालीरीती तुम्ही शास्त्र म्हणून जपल्यात आणि पुस्तक नुसतं गोड आवाजात वाचलंत. तारणहार कसला, तुम्हाला चांगला वाचकही होता आलं नाही. त्या दिवसापासून मी एकही सण पाळलेला नाही. समुद्र दुभंगला असेल तर असो. मला वाईपर्यंतचा रस्ता मोकळा होता तेवढं पुरे.

आता ती पोर, तीही आजी झालेली, मला म्हणते, "ती गोष्ट नसती तर आई गमावलेलं बालपण मी काढलंच नसतं. कठीण दिवस आला की मला वाटायचं, मला एकदा उचललंय, पुन्हा उचलतील." तिला मी काय लिहू? खरं लिहिलं तर तिच्या हातून तो म्हातारा काढून घेतो. तुमचं लिहिलं तर ताईला पुन्हा एकदा दाराबाहेर ठेवतो. बहुतेक मी सुभेदारांचं खरं नाव घालून लिहीन, ते टोपी घालून चारच्या एस.टी.ने गेले आणि त्यांनी तिला मांडीवर घेतलं, एवढंच. संदेष्टा म्हणायचं की शेजारी, ते तिने ठरवावं. फोनचं लिहीन की नाही, अजून ठरत नाही.

हा कागद तिला पाठवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. त्याचं कारण मात्र तुम्हाला सांगून ठेवतो. पहिल्या हाकेलाच मला कळलं होतं की फोन ताईसाठी आहे. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं, आणि बसायची खूण केलीत तरी मी उठलो असतो तर तुम्ही मला अडवलं नसतं. पण योना अजून माशाच्या पोटात होता, तुम्ही फार सुंदर सांगत होतात, आणि मला तो उतारा शेवटपर्यंत ऐकायचा होता.