शकूर टायपिस्टचा कॉम्प्युटर

५ सप्टेंबर २००६, मंगळवार
निर्णय पक्का. कॉम्प्युटर घेणार. संग्रामपूर तहसीलसमोर सव्वीस वर्षं टाईपरायटर बडवला, आता बस. बजेट सोळा हजार, एक रुपया वर नाही. मुबीना म्हणाली, आधी स्वयंपाकघरावरचे पत्रे बदला. बायकोला दूरदृष्टी नाही. पोरगी अलफिया कॉम्प्युटरचा कोर्स करून बसली आहे, ती शिकवेल. मला आठवडा पुरे. टायपिस्टला कीबोर्ड काय नवीन?

१२ सप्टेंबर
रामराव आला. माझा शाळेपासूनचा दोस्त. चार एकरांत बीटी कपाशी लावली. झाडं माणसाएवढी वाढली, बोंडं मात्र नाहीत. बियाणं बोगस निघालं. कृषी ऑफिसात तक्रार दिली तर कमिटी वावरातलं उभं पीक पाहायला येते, मग भरपाई मिळते, म्हणून अर्ज टाईप करून पाहिजे.
त्याला समजावलं, आठ दिवस थांब. ठळक अक्षरात, तक्ता आखून काढू. साहेब खुर्चीतून उठेल. तो म्हणाला, "तू म्हनतं तं थांबतो."
कॉम्प्युटरच्या दुकानाचं उद्घाटन दोस्ताच्याच अर्जानं. मनाला बरं वाटलं.

१८ सप्टेंबर, बुलढाणा
मुबीनाचा भाचा अकील इथं कॉम्प्युटर जोडून देतो. मॉनिटर जुना, पण कंडिशन चांगली. साडेअठरा हजार झाले. याला खर्च म्हणत नाहीत, इन्व्हेस्टमेंट म्हणतात. वरच्या पैशांसाठी टाईपरायटर जळगाव जामोदच्या क्लासवाल्याला विकला. मुबीना म्हणत होती, नवीन शिकल्यावर विका. म्हणजे शिकणार नाही असा हिचा हिशेब.

२१ सप्टेंबर
मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीनं आणला. नांदुऱ्याला गाडी बदलताना एका म्हाताऱ्यानं टीव्ही समजून जागा दिली. गैरसमज दूर केला नाही.
घरी आलो तर लाईट गेलेली. वाट पाहिली. आली. पडदा निळा झाला. परत गेली.

२७ सप्टेंबर
रोजे सुरू. मराठीची अक्षरं भलत्याच जागी आहेत. सव्वीस वर्षांची बोटं ऐकत नाहीत. दोष बोटांचा नाही. चार तासांत 'प्रति, मा. तालुका कृषी अधिकारी' आणि खाली सात ओळी. तेवढ्यात लाईट गेली, मजकूरही गेला. सेव्ह करायचं कोणी सांगितलं नव्हतं. अलफिया म्हणते, दोनदा सांगितलं होतं.
रामराव बाकावर बसून होता. उद्या ये म्हटलं.

१ ऑक्टोबर
अर्ज पूर्ण. तक्ता पाहून स्वतःलाच शाबासकी दिली. मग अलफियानं विचारलं, अब्बा, हा कागदावर कुठून निघणार?
प्रिंटर बजेटमध्ये धरलाच नव्हता. अकीलनं सांगायला पाहिजे होतं. फोन केला. सांगितलं होतं म्हणतो.

४ ऑक्टोबर
फ्लॉपी घेऊन खामगावला गेलो. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये आपला फॉन्ट नाही. अर्जाऐवजी चौकोनच चौकोन निघाले. रोज्यात चार तास एसटी.
मुबीना म्हणाली, हातानं लिहून द्या न त्या माणसाले. मी म्हटलं, मी प्रोफेशनल आहे. हाताच्या अर्जाला वजन नसतं.
तिनं इफ्तारीला खजूर पुढं ठेवले आणि आत गेली.

११ ऑक्टोबर
रामरावनं कपाशीची पऱ्हाटी उपटली. जमिनीतली ओल जायच्या आत हरभरा पेरायचा होता. शिवाय तानुबाई, त्याची बायको, म्हणाली म्हणे, रोज ते वांझ झाड पाहावत नाही. मी त्याला म्हटलं, इतकी घाई काऊन केली? तो खाली पाहून पायानं माती सारत राहिला.

१३ ऑक्टोबर
अकीलनं कुणाचा तरी जुना प्रिंटर पाठवला. अर्ज निघाला. काय निघाला! दोघं ऑफिसात गेलो. बाबूनं वाचला. म्हणाला, वावर मोकळं आहे तर कमिटी काय पाहणार? अर्ज परत दिला.
बाहेर आल्यावर रामरावला म्हटलं, टायपिंगला मात्र त्यानं नाव ठेवलं नाही. तो हो म्हणाला. चहा नको म्हणाला. चालतच गावाकडं गेला.

१ नोव्हेंबर
दुकानात गिऱ्हाईक कमी. नवीन गोष्टीला वेळ लागतो. समोर मतीन नावाच्या एका पोरानं माझ्यासारखाच जुना टाईपरायटर मांडलाय, तिथं रांग असते. लोक मागासलेले.
रामराव दोन आठवडी बाजार झाले दिसला नाही. हरभऱ्यात असेल.

२० नोव्हेंबर, सोमवार
रामराव आणि तानुबाई आले. हरभरा धड उगवला नाही. वावर चुलतभावाला बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं. दोघं सुरतेला चालले, एका मिलवर चौकीदारी मिळते. रेशनकार्डातून नावं कमी करायचा अर्ज पाहिजे.
लाईट सकाळपासून नव्हती. तो बाकावर बसला. तानुबाई उभीच. गुरुवारी निघायचं म्हणाली. अर्धा तास झाला. मग मी कोरा कागद घेतला, पेन घेतला आणि अर्ज लिहिला. दहा मिनिटं लागली असतील.
रामरावनं कागद हातात धरला. वरपासून खालपर्यंत वाचला.
"तवा बी असाच लेहून देला असता तं काऊन नसतं चाललं, शकूर?"
आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं.
मी म्हटलं, लाईट येईलच आता.
तहसीलमध्ये बाबूनं अर्ज लगेच घेतला, शिक्का मारला, पोच दिली. अक्षराकडं पाहिलंसुद्धा नाही.
लाईट साडेपाचला आली. कॉम्प्युटर चालू केला नाही.