नऊ जण ‘गेले’

३ नोव्हेंबर, सोमवार
आमच्या पाहणीचे प्रमुख, सर, आज फार खुशीत. आयसीयूतून बाहेर पडलेल्या पेशंटांच्या घरी महिन्यानं फोन करायचा, कसे आहेत विचारायचं. वर्षभर हेच केलं, निकाल आला. काही महिने एका सिस्टरकडं दोन बेड, काही महिने तीन; तीनच्या महिन्यांतही मृत्यू वाढले नाहीत म्हणे. मॅनेजमेंटला हेच हवं होतं. आता कायमचेच तीन. पुढच्या सोमवारी मीटिंग. ‘माहिती तपासली’ या कागदावर सही माझी.
मला पटेना. सिस्टर असताना तीन बेड मी स्वतः सांभाळलेत, कंबर त्यातच गेली. म्हणून तर हे खुर्चीचं काम. सरांची कृपा.

४ नोव्हेंबर
फोनची वही काढली. मराठवाड्याकडची कुटुंबं माझ्या वाट्याची, त्यामुळे नोंदी मराठीत. घाईचं, गिचमिड अक्षर. ‘उदगीरचे काका. गेले.’ कॉम्प्युटरवर त्यांच्यापुढं: घरी गेले, ठीक.
पुढची पानं बघितली. असे नऊ.
संध्याकाळी मेट्रोतून चिक्कडपल्लीला उतरायचं विसरले, पुढच्या नारायणगुड्याहून चालत मागं आले.

५ नोव्हेंबर
सुजाताला विचारलं. माझ्या वहीतलं कॉम्प्युटरवर चढवते ती. तेलुगू, पण हिंदीमुळं अक्षरं वाचते.
“अक्का, मैं पूछी थी ना तुमकू? गेले बोले तो क्या? तुमीच बोले, चले गए.”
बोलले होते. हातात डबा, समोर लिफ्ट. ‘चले गए’ म्हणून मोकळी झाले. मराठी लिहिते म्हणून मिरवणारी मी!
“मेरा नाम नक्को लेना, अक्का.” तिचं कंत्राट डिसेंबरात संपतं. तिचा राग नाही येत. माझाच येतो.

६ नोव्हेंबर
सरांना सांगितलं. चष्मा पुसत ऐकून घेतलं. “घरी गेले असंही असू शकतं ना?” पक्के पुण्याचे. ‘गेले’ कळत नाही होय? कळतं, म्हणूनच विचारलं. “सगळ्यांना परत फोन करा. खात्री करा. मग बघू.”
वाद घालायला हवा होता. ‘बरं सर’ म्हणून आले.

८ नोव्हेंबर, शनि.
नऊही फोन झाले. माणूस गेलेल्या घरी विचारायचं, वारले ना नक्की? शी.
उदगीरच्या काकू शेवटी. “गेले म्हंजे गेले, बाई. किती येळा सांगू?” माफी मागितली. फोन ठेवणार, तर म्हणाल्या, “येक इचारू? आयसीयूत भेटायच्या येळंला त्यांची श्वासाची नळी निघाली. मी हाका मारत हुते. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडं हुती. त्याच्यानंतर घरी आनलं, पन सावरलेच न्हाईत. मी आनखी जोरात वरडाया पायजे हुतं का?”
म्हणाले, नाही काकू, तुमची काही चूक नाही. मग कुणाची, ते नाही बोलले. तारीख बघितली. तीन बेडचाच महिना.

९ नोव्हें.
सरांना मेल केली. नऊही वारले, नोंद चुकली, चूक माझी. उत्तर एका ओळीचं: मीटिंगनंतर बोलू.
नंतर कशाला?

१० नोव्हेंबर, सोमवार
मीटिंग. सर त्या नऊ जणांचा विषयच काढेनात. शेवटी मीच उठले. सांगितलं. मॅनेजमेंटचे मोठे साहेब म्हणाले, “तो ‘ठीक’ कायकू लिखे?”
मी तोंड उघडायच्या आत सर: “मराठी की गड़बड़ है, सर. हम लोग जाने को भी गेले बोलते हैं, मरने को भी.”
सगळे हसले. साहेब तर डोळे पुसेपर्यंत. आणि मी पण हसले. सवयीनं. फार लाज वाटतेय.
ठरलं ते असं: आकडे सावकाश दुरुस्त करू, तीन बेड एक तारखेपासून. सही उद्या दहापर्यंत. लिफ्टपाशी सर हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, “नाहीतर वॉर्डात सिस्टर कमीच आहेत. तुमची सोय तिथं करता येईल.” म्हणजे मीच जायचं, तीन बेडवर, या कंबरेनं.
घरी येऊन सहीचा कागद टेबलावर ठेवला. चहा घेतला. मग कागद उलटा करून पाठीमागं नऊ नावं लिहिली, पूर्ण, गावासकट, सुवाच्य अक्षरात. प्रत्येकापुढं ‘मृत्यू’.
पुढच्या बाजूला सहीची जागा अजून कोरी आहे.