मुंबईची खेप

सेक्टर ६, भिलाई
१२ मे १९९३

चि. विजयकुमार यास,

भाऊजीचे आशीर्वाद.

तू विमानाच्या धंद्यातला माणूस, म्हणून ही गंभीर तक्रार तुझ्याकडे. रोज सकाळी मी अंगणात आरसा टांगून दाढीला बसतो, आणि नेमका वस्तरा हनुवटीखाली आला की मुंबईकडे जाणारं विमान आमच्या क्वार्टरवरून जातं. मान आपोआप वर होते आणि गाल कापतो. ऑफिसात भैय्याजींनी विचारलं, वहिनीशी भांडण होऊन राहिलं का. मी सांगितलं, नाही, हवाई हल्ला. तुमचं विमान इथे उतरत नाही, आम्हाला घेत नाही, त्याची आम्हाला सवय आहे. पण निदान रक्त तरी काढू नये, एवढं वरच्या लोकांच्या कानावर घाल.

बाकी ठीक. ऊन असं आहे की कूलर पाणी पितो आणि वाफ परत देतो. नलूची बारावीची परीक्षा झाली. पेपर कसे गेले विचारलं तर हिंदीत उत्तर देते, म्हणजे बरे गेले नसावेत. तुझी ताई, शीला, बरी आहे.

म्हणजे, आज सकाळी तिनं भाताची पेज घेतली आणि ती पोटात राहिली. आमच्या घरी सध्या यालाच बरं म्हणतात.

तुला कळवायचं नाही असं तिनंच बजावलं होतं. तू आधीच आमच्यावर रागावलेला, त्यात आजार सांगून तुला बोलावल्यासारखं नको, म्हणाली. दिवाळीनंतर तिच्या छातीत गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी ती काढली, आणि दर तीन आठवड्यांनी येऊन सुई घ्यायला सांगितलं. सहा सुया सांगितल्या, चार झाल्या. डॉक्टर म्हणतात, पुढचं बरं दिसतं आहे, पण मधेच थांबवू नका.

आता तुझा राग. दोन वर्षांपूर्वी तू आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये उभा राहिलास आणि सांगितलंस, रायपूरहून नागपूरवरून मुंबईला लहान विमान सुरू करायचं आहे, भाडं रेल्वेच्या पहिल्या वर्गाहून थोडंच वर. कंपनीला फक्त एवढं पाहायचं आहे की बसणारे आहेत का. कोण कोण जाईल, हात वर करा.

दिल्लीत राहून तू आपली माणसं विसरलास, बाबा. पहिल्या रांगेत आमच्या स्टील प्लांटच्या पर्सोनेल खात्यातले बाबाराव बसले होते. हात वर केला असता, तर उद्या सोसायटीचं कर्ज मागायला गेल्यावर तेच म्हणाले असते, तुम्ही तर विमानाचे लोक. गणपतीची वर्गणी दुप्पट झाली असती. गावाकडे भावांना कळलं असतं तर वाटणीत विहीर गेली असती. आपल्याला कोणी ऐपत विचारली की हात आधी खिसा झाकतो. सगळा हॉल मांडीवर हात ठेवून बसला, आणि माझेही हात तिथेच होते. बायकांच्या बाजूनं एकच हात वर झाला, तुझ्या ताईचा. भैय्याजी म्हणाले, "वहिनी, तिकडे डब्बा खोलू देत नाहीत." हॉल हसला. तू कागद गुंडाळलेस आणि तिनं करून ठेवलेले वडे न खाता स्टेशनवर गेलास. पुढे कंपनीनं ठरवलं, या भागात मागणी नाही.

मला आता वाटतं, प्रश्नच चुकला. विमानात कोण बसेल हे आम्हाला काय ठाऊक? कोणाला वीस तास गाडीत काढता येणार नाहीत, ते विचारायचं होतं. पैसेवाला कुठूनही विमान पकडतो, त्याला तुझ्या स्वस्त भाड्याची गरज नाही. ते आम्हालाच लागतं, आणि मजेला नाही लागत: ऑपरेशनला, मुलाखतीला, कोणाचं शेवटचं तोंड पाहायला. अशी मागणी हात वर करून येत नाही. ती घरात गप्प बसलेली असते, आणि येते तेव्हा फार घाईत येते. आजही रायपूरहून कुठे तरी बदलत विमानानं जाता येतं म्हणतात, पण दोघांच्या एका खेपेत माझे तीन पगार जातील. प्लांट आम्हाला गाडीभाडं देतो. त्याबद्दल तक्रार नाही.

पण गाडी. सुई घेतली की दुसऱ्या दिवशी परतायचं. कल्याण सुटेपर्यंत ती बोलते. भुसावळच्या आधी उलट्या सुरू होतात. संडासाच्या वाटेवर माणसं सामान घेऊन बसलेली असतात. मी त्यांना उठवत पुढे, ती तोंडाला पदर लावून मागे. चारदा उठतात बिचारे. पाचव्यांदा म्हणतात, "अब कितनी बार, भाई साहब?" त्यांचंही चुकत नाही.

चौथ्या खेपेला आमचे बर्थ वरचे होते. खाली आमच्या भिलाईजवळच्या चरोद्याच्या रुक्माबाई होत्या, त्यांचे यजमान जानराव रेल्वेच्या यार्डात आहेत. त्या न विचारता उठल्या, शीलाला आपल्या जागेवर निजवलं, आपली गोधडी घातली आणि अकोल्यापासून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. दुर्गला मी गोधडी घडी करू लागलो, तर म्हणाल्या, "असू द्या. पुढच्या खेपेले लागंल."

मागच्या आठवड्यात मी पाचव्या खेपेचं रिझर्वेशन करून आलो. शीलानं तिकीट पाहिलं आणि म्हणाली, "वापस करून या. मी मुंबईले नाही जात."

मी समजावलं, ओरडलो, नलूला पुढे केलं. ती शांत. "बिमारीनं मरीन तं मरीन," म्हणाली. "पण मी आली की लोकं पाय आखडून घेतात न, तसं नाही मरायचं मले."

 तिकीट मी परत केलं नाही, खिशात ठेवलं.

आज दुपारी तिनं गोधडी धुऊन वाळवली आणि म्हणाली, नेऊन द्या, पण रिकामी देऊ नका. आत मुंबईसाठी घेतलेला थर्मास बांधला. आता जरा जाऊन येतो, मग पत्र पुरं करीन.

संध्याकाळ. चरोद्याला जाऊन आलो. रुक्माबाई दारातच होत्या. गोधडी हातात घेऊन म्हणाल्या, "कावून जी? पुढच्या खेपेले नाही लागत?"

मी म्हटलं, "आता आम्ही विमानानं जातो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बाईचे हाल वाचले." आणि मला बसवून चहा दिला. मी तो पूर्ण प्यालो.

शीलाला माझं ऐकायचं नाही, तुझं कदाचित ऐकेल. या पत्राला उत्तर लिहू नकोस. मिळेल त्या गाडीनं ये.

वाट पाहणारा,
भाऊजी देवराव